येतो म्हणून गेलेली

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मी सात-आठ वर्षांची असताना स्वतःच्या तोंडानं घेतला, असं आमच्या घरात सगळे मानत. वडील तर आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, ‘‘आम्ही जबरदस्ती केली न्हाई हां. पोरीलाच इचारलं. ती म्हणाली, येतो.’’ एवढं सांगून ते माझ्याकडे असे बघत, की मी जणू वकिलीची परीक्षाच पास झाले होते. त्या वेळी मला काय विचारलं होतं, तेच मला माहीत नव्हतं. मी दूध आणायला चालले होते.

हे नीट कळायचं तर आमच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं. घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, ही रीत सगळ्या मराठी मुलखाची आहे. पण कोल्हापुरात आम्ही बायकासुद्धा ‘मी आलो, मी जेवलो, मी येतो’ असंच बोलतो. पुण्याकडची माणसं याला हसतात. हसेनात का बापडी, आमचं त्यानं काही बिघडलेलं नाही. तर हा आमचा ‘येतो’ दोन कामांना उपयोगी पडतो. कुणी ‘चल’ म्हटलं तर त्याच्याबरोबर जायला ‘येतो’, आणि त्याला सोडून निघालो तरी ‘येतो’. रोजच्या व्यवहारात यानं कुणाचं अडत नाही. माझं अडलं.

मी मावशीकडे कशी आले ते मला आठवत नाही, नुसतं ऐकून माहीत आहे. आईवडील जयसिंगपूरला होते. वडिलांचं तिथं भुसारी मालाचं दुकान. माझ्या पाठीवर भाऊ झाला आणि आई अंथरुणाला खिळली. तेव्हा आईची थोरली बहीण कोल्हापूरहून तिचं करायला गेली, आणि परत येताना मला कडेवर घेऊन आली. ‘धाकटीला जरा हुशारी येऊ दे, मग आणून सोडतो,’ असं ती म्हणाली होती म्हणे. आईला हुशारी आली. मग भावाला गोवर आला. मग पावसाळा लागला, मग कुणाचं तरी लग्न निघालं. ‘एवढं झालं की आणू’ असं दर वेळी ठरायचं आणि तसंच राहायचं. मला मावशीला देऊन टाकायचं, असं कुणी ठरवलेलं नव्हतं. परत न्यायचं नाही, असंही कुणी ठरवलं नव्हतं. मावशीला मूलबाळ नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं.

मावशीचं घर मंगळवार पेठेतल्या एका बोळात होतं. पुढे बसाउठायचा सोपा, त्याला लागून स्वयंपाकघर, आणि मागे परडं. परड्यात एक शेवग्याचं झाड आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली अळूची पानं. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, संस्थानच्या कचेरीत कारकून होते. सोप्यात त्यांची एक ठरलेली जागा होती. माणूस फार भला, पण कुठलीही गोष्ट ठरवायची वेळ आली की हे तोंडात पान भरायचे. पान तोंडात असलं की बोलता येत नाही, आणि थुंकायला बाहेर जाऊन येईपर्यंत काय ते ठरून गेलेलं असायचं. संस्थान विलीन झालं त्या दिवसांत मात्र काका बोलायचे. कचेरीचं काय होणार, आपल्या हुद्द्याचं काय होणार, याची त्यांना काळजी पडली होती. ‘‘सगळं वरच्या वर ठरवलं. आमास्नी कुणी इचारलं का?’’ असं ते येईल त्याला विचारायचे. येणारा मान हलवायचा आणि चहा पिऊन जायचा.

मावशीचं सगळं त्याच्या उलट. आवाज असा, की तिनं परड्यात कुणाला हाक मारली तर बोळाच्या तोंडाशी ‘ओ’ यायची. पदर खोचलेला, हातात सदा काहीतरी काम. रागावली तर भांडी वाजायची आणि निवळली तरी भांडीच वाजायची. आवाजातला फरक आपण ओळखायचा. पण एवढी दांडगी बाई मला मात्र सगळं विचारायची. ‘‘आज भाजी काय करू गं?’’ ‘‘ह्या लुगड्यावर कुठली चोळी घालू?’’ ‘‘कासारीण आलीया, हिरव्या बांगड्या घेऊ का लाल?’’ मी चार-पाच वर्षांची पोर. मी गंभीर तोंड करून ‘लाल’ म्हणायचे आणि ती खरंच लाल घ्यायची. मी म्हटलं, वांगं नको, तर वांगं होत नसे. काकांना वांगं फार आवडायचं. ते माझ्याकडे केविलवाणं बघायचे.

त्या घरात माझ्या मताला वजन होतं. पुढे ते कुठंच नव्हतं, बापाच्या घरीही नाही आणि नवऱ्याच्या घरीही नाही. म्हाताऱ्या बायका माहेरच्या आठवणी काढून डोळे पुसतात, तेव्हा मला जयसिंगपूर आठवत नाही. मला तो बोळ आठवतो. चुलीपुढं पाटावर बसलेली मी, आणि भाकरी थापता थापता मान वळवून ‘आज काय करू गं?’ म्हणणारी ती. हा प्रश्न मला पुन्हा कुणी तसा विचारावा म्हणून मी किती झुरले आहे, ते माझं मला ठाऊक.

संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी, तालमीच्या कट्ट्याजवळ, गवळी म्हशी घेऊन यायचा. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर धार काढायची, ही आमच्या गावची पद्धत. तांब्या घेऊन आधी जो पोचेल त्याला पहिल्या धारेचा फेस मिळायचा. आम्हा पोरांचा जीव दुधापेक्षा त्या फेसावरच असायचा. गवळ्याची आरोळी आली की मी फळीवरचा तांब्या उचलायची, सोपा ओलांडायची आणि उंबऱ्यात पाय टाकता टाकता आत बघून ओरडायची, ‘‘येतो!’’

आणि स्वयंपाकघरातून मावशीचं उत्तर यायचं, ‘‘ये!’’

रोजचं होतं हे. मी ‘येतो’ म्हणायचं आणि तिनं ‘ये’ म्हणायचं. तिचं ‘ये’ कानावर पडल्याशिवाय माझा दुसरा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. तिचे हात पिठात असोत की ती शेजारणीशी तावातावानं बोलत असो, ‘ये’ चुकत नव्हतं.

एक दिवस आईवडील आले. तसे ते मधूनमधून यायचे. आई मला जवळ घ्यायची, केसांवरून हात फिरवायची आणि ‘केस छान ठेवलेत आक्का तू हिचे’ असं मावशीला म्हणायची. आईचं बोलणं नेहमी असं आडून. तिला मी पाहुण्यासारखी वाटायचे आणि मला ती. या वेळी मात्र वडील सोप्यात मांडी ठोकून बसले होते, आणि दुकानात गिऱ्हाइकाशी सौदा करताना घसा खाकरतात तसा त्यांनी घसा खाकरला होता. मी आतबाहेर करत होते. तुकडे तुकडे कानावर पडत होते, पण त्यांत माझं लक्ष नव्हतं.

वडील काय म्हणाले ते मला पुढे त्यांच्याच तोंडून पाठ झालं. पोरगी मोठी झाली, आता तिला आपल्या घरी न्यावी म्हणतो. जयसिंगपुरात शाळा चांगली आहे. लोक विचारतात, थोरली कुठं असते? काय सांगायचं त्यास्नी? यावर काकांनी पान तोंडात घातलं. तेव्हा वडील म्हणाले, ‘‘पण आपल्याला जुलूम करायचा न्हाई. पोरीलाच इचारू की. ती म्हणंल ते खरं.’’

माझे वडील न्यायी होते. तराजूची दांडी सरळ असल्याशिवाय ते दाणा पुढे सरकवत नसत. त्यांनी खरंच मला विचारायचं ठरवलं होतं, आणि मी जे म्हणेन ते त्यांनी मानलंही असतं. हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम सांगते आहे.

नेमकी त्याच वेळी गवळ्याची आरोळी आली. पोरांचे पाय बोळातून धावत गेल्याचं मला ऐकू आलं. मी तांब्या उचलला आणि सोप्यातून सुटले. वडील म्हणाले, ‘‘काय गं, आमच्यासंगं जैसिंगपूरला येतीस न्हवं?’’ मी ते ऐकलं नाही. ऐकलं असेल तर नुसता आवाज ऐकला, शब्द नाही. माझ्या कानात म्हैस होती. मी उंबऱ्यात पाय टाकला आणि रोजच्यासारखी ओरडले, ‘‘येतो!’’

मागे वडिलांनी मांडीवर थाप मारली. ती मला ऐकू आली.

पण आतून ‘ये’ आलं नाही.

मी क्षणभर थांबले. एक पाय आत, एक बाहेर. पुन्हा ओरडावं असं मनात आलं. पण फेस जात होता. मी पळाले, आणि कट्ट्याजवळ उभी असताना मला सारखं वाटत होतं, की घरी काहीतरी विसरलंय. तांब्या तर हातात होता.

परत आले तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. आई सोप्यात येऊन बसली होती आणि तिनं मला असं कवटाळलं, की तांब्यातलं दूध तिच्या लुगड्यावर सांडलं. ती रडत होती आणि हसत होती. काका पान थुंकायला बाहेर गेले होते, ते बराच वेळ आले नाहीत. मावशीनं माझ्या हातातला तांब्या घेतला. तिनं उरलेलं सगळं दूध तापवून, साखर घालून मला प्यायला दिलं, आणि पाहुण्यांच्या पुढं कोरा चहा ठेवला. कोल्हापुरात, दारात म्हैस पिळली जात असताना, मेहुण्याला कोरा चहा! दुसरं कुणाचं घर असतं तर वडील उठून गेले असते. त्यांनी तो चहा मुकाट्यानं पिऊन टाकला. ‘झक्कास झालाय’ असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. चार दिवसांसाठी आईकडे चाललोय, अशी माझी समजूत. मावशीनं माझे सगळे कपडे बांधले, मला लहान झालेले परकरसुद्धा. चार दिवसांना इतके कपडे कशाला, हा प्रश्न मला पडला नाही. उलट मला मिरवल्यासारखं वाटलं. तिनं माझ्या तळहातावर दही घातलं. ते चाटून मी उंबऱ्यातून म्हटलं, ‘‘येतो.’’ तेव्हाही ती ‘ये’ म्हणाली नाही. ‘‘नीट जा,’’ म्हणाली आणि भांडी गोळा करायला लागली.

आगगाडीत वडील शेजारच्या प्रवाशांना सांगत होते, ‘‘पोरगी सोताच येतो म्हणाली की. आता कायमची न्यायला लागलोय.’’ मी विचारलं, ‘‘कधी म्हणालो मी?’’ सगळे हसले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. रुकडीचा पूल येईपर्यंत मला रडू आलं नाही, नंतर मात्र ते आवरेना.

जयसिंगपूर वाईट नव्हतं. रस्ते सरळ, बाजार मोठा, शाळा खरंच चांगली. भाऊ माझ्या मागेमागे असायचा. आई माझे केस विंचरायची, पण विंचरताना तिचा हात घाबरल्यासारखा चालायचा, दुखेल का म्हणून. मावशी केस ओढायची. दुखायचं. मला ते ओढणं हवं असायचं. घरात रोज भाजी व्हायची आणि कुठली करायची ते मला कुणी विचारायचं नाही. कशाला विचारतील? पोरांना विचारून स्वयंपाक कोण करतं? एकदा पानात वांगं आलं तेव्हा मी ताटावरून उठले. आईला वाटलं, पोट दुखतंय. तिनं ओवा दिला.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी माझे कान आपोआप बाहेर लागायचे. इथं दूध घरपोच यायचं.

आणि मी ‘येतो’ म्हणायचं सोडून दिलं. बाहेर निघताना मुद्दाम मोठ्यानं ‘जातो’ म्हणायची. आई हातातलं काम टाकून दारात यायची. ‘‘असलं अभद्र बोलू नये, येतो म्हण,’’ असं ती हजारदा म्हणाली, एकदोनदा तिनं धपाटाही घातला. मी ‘जातो’च म्हणत राहिले. एका शब्दावर मला इथं आणलं, आता तो शब्द तुम्हाला मिळायचा नाही, असा माझा हिशेब. हट्टी होतेच मी.

सुरुवातीला मला वाटे, मावशीनं मला देऊन टाकलं. तिला माझा कंटाळा आला असेल. वांगं करू दिलं नाही म्हणून काका रागावले असतील. पुढे जरा समज आल्यावर, वडील कुणाला तरी ती गोष्ट पुन्हा रंगवून सांगत असताना, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुधाचा तांब्या, गवळ्याची आरोळी, उंबरा. मी म्हटलं, ‘‘मी तवा दूध आणाय चाललोतो!’’ वडील म्हणाले, ‘‘व्हय की, दूध आणाय जाता जाता म्हणालीस.’’ त्यांना वेगळं काही दिसतच नव्हतं. मी पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा आई उठून आत गेली. तिच्या पाठीकडं बघून मी ते सांगणं सोडून दिलं. मी तिच्याकडे यायला निघालेच नव्हते, हे तिला कोणत्या तोंडानं ऐकवायचं?

पण मावशीला सांगायलाच हवं होतं. तिनंही तो ‘येतो’ ऐकला होता. जिला ती सगळं विचारायची, त्या पोरीनं बापानं हाक मारताच एका शब्दात तिला सोडलं, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, असंच तिला वाटत असणार. माझा जीव त्यावर तुटायचा. सणाला, लग्नाकार्याला आम्ही कोल्हापूरला जायचो. मावशी माझ्यासाठी करायची सगळं. पण ती मला काही विचारायची नाही. भाजी परस्पर ठरलेली असायची. आणि निघताना मी फक्त तिच्या उंबऱ्यात ‘येतो’ म्हणायची, दुसरीकडं कुठंच नाही, तरी ती ‘नीट जा’ एवढंच म्हणायची. ‘ये’ कधीच नाही. मला वाटे, ही रागावली आहे, आणि हिचा राग बरोबर आहे.

माझं लग्न ठरलं ते गारगोटीच्या एका शाळामास्तरांशी. ठरलं म्हणजे वडिलांनी ठरवलं. त्यांनी आईला विचारलं, ‘‘चालंल न्हवं?’’ आई म्हणाली, ‘‘तुमी बघितलंय म्हणजे चांगलंच असणार.’’ झालं. शिवाय पाहुण्यांसमोर वडिलांनी जुनी गोष्ट काढलीच, पोरगी लहानपणापासून आपलं आपण ठरवणारी आहे म्हणून. हे ऐकून सासरा जरा दचकला असावा, कारण त्यानं माझ्याकडे दोनदा पाहिलं.

लग्नाआधी मावशीनं केळवणाला बोलावलं. मी एकटीच जाऊन राहिले. उन्हाळा होता, चटणी कुटायचे दिवस. केळवणाचं जेवण झालं, काका सोप्यात आडवे झाले, आणि आम्ही दोघी परड्यात शेवग्याच्या सावलीला मिरच्यांची देठं खुडायला बसलो. मला सासरी न्यायला चटणी करून द्यायची होती तिला. गारगोटीची मिरची कशी असते कुणास ठाऊक, असं ती म्हणत होती. मिरच्यांपाशी बसलं की डोळ्यांतून पाणी येतं, नाक वाहतं, दोघींनाही ठसका लागत होता. मला ते बरं वाटलं. मी मान खाली घालून म्हटलं, ‘‘मावशी, त्या दिवशी मी येतो म्हणालो न्हवं, ते दुधाला चाललोतो म्हणून म्हणालो. बानं काय इचारलं ते मी ऐकलंच नव्हतं. तुला सोडून जातो असं मी कधीच म्हणालो न्हाई.’’

किती वर्षं जपून ठेवलेलं बोलणं, आणि ते एका दमात संपलं. मावशी देठं खुडत राहिली. मला वाटलं, ती रडेल. मला जवळ घेईल. म्हणेल, अगं बाई, असं होतं व्हय ते.

ती म्हणाली, ‘‘मला म्हाईत हाय की.’’

‘‘काय म्हाईत हाय?’’

‘‘तू दुधाला चाललीतीस ते. रोज संध्याकाळी ऐकत हुतो मी तुझा येतो. मला कळायचं न्हाई व्हय? बाकीच्यांस्नी न्हाई कळलं. मला कळलं.’’

ती खाली बघूनच बोलत होती.

‘‘मी आतनं ‘ये’ म्हटलं असतं, तर त्यास्नी कळलं असतं तू कुठं चाललीस ते. तोंडापतुर आलंतं. म्हणून तर तोंड दाबून धरलं.’’

‘‘का?’’ मी ओरडलेच. सोप्यात काकांचं घोरणं थांबलं.

‘‘तुझी आई माझ्या शेजारी हुबी हुती चुलीपाशी. पदराचा बोळा तोंडात धरून. तुझा बा तुला इचारायला लागला तशी तिनं डोळं मिटून घेतलं. त्या पोरीला मी कडेवर घेऊन वाढवलंय, माझी धाकटी भैन ती. इतक्या वर्षांत तिनं तोंड उघडून तुला परत मागितली न्हाई. एकदा न्हाई. मागितली असती, तर मी भांडलो असतो तिच्यासंगं. दिली नसती तुला. तिनं मागितलीच न्हाई, मग मी काय करू?’’

मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला राग आला. वडील चुकले होते, त्यांना मी सोडून दिलं होतं. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. काकांना मी पानासकट सोडून दिलं होतं. आणि हिनं ऐकून, ओळखून, समजून उमजून मला जाऊ दिलं होतं. जी मला बांगड्यांचा रंग विचारायची, तिनं. मी म्हटलं, ‘‘सगळं मला इचारायचीस. वांग्याचं इचारायचीस. हे का न्हाई इचारलंस?’’

‘‘इचारलं असतं तर तू न्हाई जात म्हणाली असतीस,’’ मावशी म्हणाली. ‘‘मग मला सोडवली असती व्हय तू?’’

आम्ही देठं खुडत बसलो. मिरच्या बऱ्याच होत्या. मध्येच तिनं हात धुतले, माझ्या मागे येऊन बसली आणि माझी वेणी सोडून पुन्हा घातली, चांगली ओढून. माझ्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचं होतं की कसलं, ते आता शोधण्यात अर्थ नाही. पण त्या सगळ्या वर्षांत मी जिच्यासाठी झुरत होते, ती इकडे तोंड दाबून बसली होती, आणि तिला वाटत होतं की तिच्यासाठी कुणी झुरू नये. कुणासाठी ठरवताना माणसं असंच करतात का, मला ठाऊक नाही. मीही पुढे माझ्या मुलांसाठी बरंच काही परस्पर ठरवलं. त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.

‘‘आणि नंतरही का न्हाई कधी ‘ये’ म्हणालीस?’’ मी विचारलं.

‘‘एकदा सोडायचं म्हटल्यावर ये कशाला म्हणायचं? ये म्हटलं असतं तर वाट बघत बसलो असतो.’’ वेणीला गाठ मारून ती उठली. ‘‘आज रातच्याला काय करू गं?’’

मी म्हटलं, ‘‘वांगं कर. काकांस्नी आवडतं.’’

चटणी कुटून झाली आणि तिसऱ्या दिवशी टांगा दारात आला. काका माझं बोचकं घेऊन टांग्यात चढले. चटणीची बरणी मी स्वतः मांडीवर घ्यायची ठरवली होती. मावशीनं दही दिलं आणि नेहमीसारखी पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली. मी सोपा ओलांडला, उंबऱ्यात एक पाय टाकला, आणि आत बघून मोठ्यानं म्हटलं, ‘‘येतो!’’

आतून काही आलं नाही. भांड्यांचा आवाजही नाही.

‘‘चल की, गाडी चुकंल,’’ काका टांग्यातून म्हणाले. मी म्हटलं, ‘‘चुकू द्या.’’ त्या दिवशी मी उंबऱ्यातून हलणार नव्हते. एक पाय आत, एक बाहेर, कडेवर बरणी, अशी मी उभी राहिले. घोडा पाय आपटत होता.

मग आतून तिचा आवाज आला. बोळाच्या तोंडापर्यंत पोचणारा तो आवाज नव्हता, जेमतेम माझ्यापर्यंत येईल एवढाच होता.

‘‘येतो म्हणालीस न्हवं? मग ये.’’